नवीन सत्र सुरू होण्यापूर्वी मूडलवरील कोर्स साइट कशी तयार करावी?

आपला प्रश्न असा आहे की, तासिका तत्त्वावर नव्याने रुजू झाल्यावर तीन विषयांच्या कोर्स साइट्स आपल्याकडे सोपवण्यात आल्या आहेत, गेल्या वर्षीच्या साइट्स मूडलवर (महाविद्यालये ऑनलाइन अध्यापनासाठी वापरतात त्या प्रणालीवर) जशाच्या तशा आहेत, आणि सत्राला दोन आठवडे उरले असताना कामाला हात कुठून घालावा व काय मागे ठेवले तरी चालेल, हे ठरत नाही. मी एका स्वायत्त महाविद्यालयात अध्यापनाबरोबर मूडलचे कामही पाहतो आणि दर सत्रापूर्वी सहकाऱ्यांच्या साइट्स तपासतो. त्या अनुभवावरून लिहीत आहे.

साइट तयार झाली की नाही हे ठरवण्यासाठी मी एकच कसोटी लावतो. शिकवणे सुरू झाल्यानंतर तिसऱ्या आठवड्यात प्रवेश घेऊन आलेल्या विद्यार्थ्याला, कोणालाही न विचारता, या आठवड्यात काय वाचायचे आहे, काय सादर करायचे आहे आणि त्याची शेवटची तारीख कोणती, हे स्वतःच्या फोनवर शोधता आले पाहिजे. प्रवेशाच्या फेऱ्या लांबल्यामुळे असे विद्यार्थी आपल्याकडे जवळजवळ दर वर्षी येतात, आणि त्यांना ज्याची गरज असते त्याचा उपयोग पहिल्या दिवसापासून हजर असलेल्यांनाही होतो.

सर्वांत आधी जुन्या साइटविषयी. मूडलमध्ये कोर्स ‘रीसेट’ करण्याची सोय आहे आणि ती सोपी वाटते, परंतु तिचा वापर करू नये असे माझे स्पष्ट मत आहे. रीसेट करताना विद्यार्थ्यांनी सादर केलेले काम आणि गुण पुसले जातात, आणि अंतर्गत गुणांबाबत तक्रार आली किंवा मूल्यांकन समितीने पुरावा मागितला तर दाखवायला तेवढेच असते. त्याऐवजी जुना कोर्स आहे तसा ठेवून त्याची प्रत काढावी. मूडलच्या ३.९ या आवृत्तीपासून ‘कोर्स कॉपी’ची सोय आहे, ती आपल्याला दिसत नसेल तर प्रशासकाकडून करून घ्यावी, किंवा जुन्या कोर्सचा बॅकअप (साठवलेली प्रत) घेऊन तो नव्या कोर्समध्ये रिस्टोअर करावा, म्हणजे उतरवावा. विद्यार्थ्यांची माहिती मात्र प्रतीत येऊ देऊ नये. गेल्या वर्षीच्या मुलांची नावे, उत्तरे आणि चर्चा नव्या वर्गापुढे उघडी पडणे योग्य नाही. प्रत तयार होताच तिचे पूर्ण नाव, लघुनाव व विषयाचा कोड चालू वर्षाप्रमाणे बदलावा आणि काम संपेपर्यंत साइट विद्यार्थ्यांपासून लपवून ठेवावी.

यानंतर तारखा, आणि दोन आठवड्यांतील सर्वांत शांत वेळ यासाठी राखून ठेवावा. कोर्सची सुरुवातीची तारीख चुकली तर आठवडानिहाय मांडणीतील प्रत्येक आठवड्याचे शीर्षक चुकते. असाइनमेंटला तीन वेगवेगळ्या तारखा असतात: सादर करणे कधीपासून सुरू होईल, अपेक्षित तारीख कोणती, आणि ज्यानंतर काहीही स्वीकारले जाणार नाही ती कट-ऑफ तारीख कोणती. अपेक्षित तारीख उलटली तरी मूडल काम स्वीकारते व उशिराची नोंद करते. कट-ऑफ उलटली की सादर करण्याचे बटणच नाहीसे होते. अनेक शिक्षक पहिल्या दोन तारखा बदलतात आणि तिसरी गेल्या वर्षीचीच राहते, मग विद्यार्थी बटण सापडत नाही म्हणून रात्री फोन करतात.

सगळ्या तारखा एकदम सारख्याच अंतराने पुढे सरकवण्याची सोय असली तरी तिच्यावर विसंबून राहता येत नाही, कारण आपले सण इंग्रजी महिन्यांप्रमाणे येत नाहीत. २०२५ मध्ये गणेश चतुर्थी २७ ऑगस्टला होती. २०२६ मध्ये अधिक ज्येष्ठामुळे ती १४ सप्टेंबरला आहे. सप्टेंबरच्या मध्यावर ठेवलेली गेल्या वर्षीची सोयीची तारीख यंदा नेमकी अशा वेळी येते, जेव्हा कोकणातला विद्यार्थी गावी असतो आणि तिथे नेटवर्क मिळेलच असे नाही. म्हणून विद्यापीठाचे शैक्षणिक वेळापत्रक, अंतर्गत परीक्षांच्या तारखा आणि सुट्ट्यांची यादी समोर ठेवून प्रत्येक तारीख हाताने तपासावी, आणि आपल्या तीनही विषयांची कामे एकाच दिवशी येत नाहीत ना, हेही पाहावे.

साहित्याबाबत मुख्य अडचण दुव्यांची असते. गूगल ड्राइव्हवरील फाइल शिक्षकाला उघडते, कारण ती त्याची असते. विद्यार्थ्याला मात्र परवानगी मागणारे पान दिसते. तासिका तत्त्वावरील शिक्षक सोडून गेल्यावर त्यांचे महाविद्यालयीन खाते बंद होते आणि त्या खात्यातील फाइल्सचे दुवे निकामी होतात, ही आपल्या साइटवर आज ना उद्या उद्भवणारी गोष्ट आहे. म्हणून महत्त्वाच्या फाइल्स थेट मूडलवर चढवाव्यात किंवा विभागाच्या सामायिक ड्राइव्हवर ठेवाव्यात. मोठे व्हिडिओ मूडलवर न ठेवता यूट्यूबवर ‘अनलिस्टेड’ ठेवून दुवा द्यावा. गेल्या वर्षीच्या ऑनलाइन तासांचे दुवे सरळ काढून टाकावेत.

मराठी माध्यमाच्या नोट्सविषयी थोडे सविस्तर लिहिणे भाग आहे. युनिकोडपूर्व (युनिकोड ही सर्व उपकरणांवर चालणारी अक्षरांची प्रमाणित पद्धत येण्याआधीच्या) फॉन्टमध्ये टाइप केलेली वर्डची फाइल तो फॉन्ट नसलेल्या फोनवर उघडली की अर्थहीन अक्षरे दिसतात. तिची पीडीएफ केली तर ती डोळ्यांना वाचता येते, पण तिच्यातील शब्द शोधता येत नाही आणि दृष्टिहीन विद्यार्थ्याचे स्क्रीन रीडर (पडद्यावरील मजकूर वाचून दाखवणारे सॉफ्टवेअर) ती वाचू शकत नाही. स्कॅन केलेल्या पानांचीही हीच गत आहे. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ नंतर हा प्रश्न केवळ सौजन्याचा राहिलेला नाही. सगळ्या नोट्स दोन आठवड्यांत बदलणे शक्य होणार नाही. निदान पहिल्या युनिटचा मजकूर युनिकोडमध्ये आणावा आणि पुढील युनिट शिकवण्याआधी एकेक पूर्ण करत जावे.

क्विझ असेल तर त्यातील पुनरावलोकनाचे पर्याय नक्की पाहावेत. क्विझ आठवडाभर खुली असताना सोडवल्याबरोबर योग्य उत्तरे दिसू दिली, तर पहिल्या दिवसाची उत्तरे दुसऱ्या दिवशी व्हॉट्सॲप गटावर असतात. म्हणून उत्तरे क्विझ बंद झाल्यानंतरच दिसावीत. गेल्या वर्षीचे प्रश्न आधीच बाहेर गेलेले आहेत असे धरून प्रश्नपेढीत भर घालावी व प्रश्न यादृच्छिक पद्धतीने निवडावेत. भरपाईचा (जादा) वेळ मिळण्यास पात्र असलेल्या दिव्यांग विद्यार्थ्यांसाठी वेगळी वेळमर्यादा त्यांच्या नावावर आधीच नोंदवून ठेवता येते. केंद्र शासनाच्या २०१८ च्या परीक्षाविषयक मार्गदर्शक सूचनांमध्ये तासाला किमान २० मिनिटांचे प्रमाण आहे, तेच इथे धरावे.

विद्यार्थ्यांची नोंदणी शक्यतो प्रशासकाने पीआरएनच्या (विद्यापीठाच्या कायम नोंदणी क्रमांकांच्या) यादीवरून करावी. ती यादी तयार होते तेव्हा उशिरा आलेले आणि एटीकेटीमुळे (विषय राहूनही पुढच्या वर्गात जाण्याच्या सवलतीमुळे) हा विषय पुन्हा करणारे विद्यार्थी तिच्यात नसतात. त्यांच्यासाठी स्वयंनोंदणी किल्लीसह (नोंदणीच्या पासवर्डसह) सुरू ठेवावी आणि महिनाभराने बंद करावी.

काय मागे ठेवावे, असेही आपण विचारले आहे. मुखपृष्ठावरील चित्रे, रंग आणि सजावट मागे ठेवावी. पंधराही आठवडे पहिल्याच दिवशी भरलेले असण्याची गरज नाही. पहिले तीन पूर्ण असावेत आणि पुढच्यांची शीर्षके व मूल्यमापनाच्या तारखा दिसाव्यात. गुणांचे वाटप मात्र अभ्यासक्रमपत्रिकेशी ताडून पाहावे, कारण अभ्यासक्रम बदलला की जुन्या गुणतक्त्यातील भारांश तसेच राहतात.

शेवटी चाचणी. ‘स्विच रोल’ वापरून विद्यार्थ्याचे दृश्य पाहता येते, पण ते अपुरे आहे. प्रशासकाकडून एक चाचणी खाते मागून घ्यावे, त्या खात्याने फोनवरील मूडल ॲपमधून मोबाइल डेटावर प्रत्येक दुवा उघडावा, एक असाइनमेंट सादर करावी आणि एक क्विझ सोडवावी. सर्व ठीक असल्यास साइट दृश्यमान करून त्यानंतरच पहिली सूचना टाकावी. त्या सूचनेत पहिल्या आठवड्याचे काम, आपल्याला भेटण्याची वेळ, आणि अधिकृत सूचना मूडलवरच मिळतील, व्हॉट्सॲपवर फक्त आठवण दिली जाईल, एवढे लिहावे. त्याच दिवशी विभागप्रमुखांना तीनही साइट्सवर शिक्षक म्हणून जोडून घ्यावे, म्हणजे आपली नेमणूक सत्राच्या मध्येच संपली तरी विद्यार्थ्यांचे काम कोणाच्या तरी हातात राहील.