फोन आणि कम्प्युटरला एकच सिस्टिम का नाही?

प्रश्न : आयपॅड प्रो आणि मॅकबुक, दोन्हींत एकाच जातीची एम चिप असते. मग अ‍ॅपल आयपॅडवर सरळ मॅकओएसच का देत नाही? (एक वाचक, नाशिक)

उत्तर : चिपच काय, आतला गाभाही एकच आहे. आयओएस, आयपॅडओएस आणि मॅकओएस तिन्ही डार्विन या अ‍ॅपलच्या मूळ सिस्टिमवर उभ्या आहेत. तळमजला केव्हाच जोडला गेलाय, अडतं ते वरच्या मजल्यावर. बोट जाड असतं. म्हणून अ‍ॅपल बोटाने दाबायच्या बटणाला किमान 44 पॉइंट (हे स्क्रीनवरचं माप) जागा द्यायला सांगते. अँड्रॉइडमध्ये हे माप 48 डीपी, म्हणजे साधारण 9 मिलिमीटर. माउसच्या टोकाला त्याच्या कितीतरी कमी जागा पुरते. एक्सेलची वरची पट्टी बोटाच्या मापाने आखली तर निम्मा स्क्रीन बटणांतच जाईल. माउसच्या मापाने ठेवली तर ‘बोल्ड’ दाबायला जाल आणि ‘इटॅलिक’ लागेल.

दुसरी गोष्ट बॅटरीची. आयफोनवर अ‍ॅप मागे गेलं की थोड्याच वेळात सिस्टिम त्याला गोठवते. गाणी, नकाशा अशा मोजक्या कामांना तेवढी सूट. मॅकवर व्हिडिओ एक्सपोर्टला लावून तुम्ही खुशाल दुसरं काम करता. एकाच सिस्टिमला दोन्ही नियम पाळायचे तर कुणाची तरी गैरसोय होणारच.

ती गैरसोय 2012 मध्ये सगळ्या जगाने अनुभवली. विंडोज 8 मध्ये स्टार्ट बटण गेलं, फरशांसारखे टाइल्स आले. कम्प्युटर बंद करायचा तर माउस उजव्या कोपऱ्यात न्या, मग सेटिंग्ज, मग पॉवर! 2013 च्या 8.1 मध्ये स्टार्ट बटण मुकाट्याने परत आलं. अ‍ॅपलचे सॉफ्टवेअर प्रमुख क्रेग फेडरिगी यांनी 2018 मध्ये व्यासपीठावरूनच दोन्ही सिस्टिम एक करण्याला ‘नाही’ म्हटलं. पुढे 2019 मध्ये आयपॅडओएस वेगळी झाली आणि 2025 च्या आयपॅडओएस 26 मध्ये मोकळ्या खिडक्या नि मेन्यू बारही आला. एकत्र न करता जवळ आणत राहायचं, हा मार्ग आम्हाला जास्त शहाणपणाचा वाटतो.

प्रश्न : फोन मॉनिटरला जोडून कम्प्युटरसारखा वापरता येतो म्हणतात. मी टाइप-सी ते एचडीएमआय अ‍ॅडॅप्टर आणला, पण मॉनिटर ‘नो सिग्नल’च दाखवतो. (एक वाचक, कोल्हापूर)

उत्तर : अ‍ॅडॅप्टर बहुधा निर्दोष आहे. टाइप-सी हा फक्त छिद्राचा आकार. त्यातून चित्र बाहेर येईलच असं नाही. त्यासाठी फोनमध्ये ‘डिस्प्लेपोर्ट ऑल्ट मोड’, म्हणजे त्याच छिद्रातून चित्र पाठवायची सोय लागते. स्वस्त फोनमध्ये आत यूएसबी 2.0 च असतं आणि त्यातून चार्जिंग आणि फाइल एवढंच जातं. ही उणीव हार्डवेअरची, अपडेटने भरून निघत नाही. खरेदीआधी कंपनीच्या साइटवर मॉडेलच्या तपशिलात हा शब्द शोधा.

सॅमसंगच्या गॅलेक्सी एस मालिकेत 2017 च्या एस 8 पासून ‘डेक्स’ आहे; त्यात मॉनिटरवर वेगळा डेस्कटॉप उघडतो. आयफोन 15 टाइप-सीवरून चित्र देतो खरं, पण ते फोनच्या पडद्याचंच प्रतिबिंब.

तुमचा फोन असं चित्र देणारा असेल तर नुसत्या अ‍ॅडॅप्टरऐवजी एचडीएमआय, दोन यूएसबी आणि ‘पीडी’ (पॉवर डिलिव्हरी) चार्जिंगचं छिद्र असलेला हब घ्या. आधी चार्जर हबला लावा, मग एचडीएमआय, शेवटी फोन. हब स्वतःही वीज खातो, तेव्हा 25 वॉटच्या खालचा चार्जर नको, नाहीतर काम करता करता बॅटरी उतरत जाते. मॉनिटरऐवजी टीव्ही असेल आणि माउसचा बाण मागे रेंगाळत असेल, तर टीव्हीचा ‘गेम मोड’ चालू करा. चित्रावरची जास्तीची प्रक्रिया थांबते आणि बाण हाताबरोबर धावतो.

प्रश्न : टॅली, श्रीलिपी आणि डिजिटल सिग्नेचरचं टोकन रोज लागतं. एआरएम चिपचा विंडोज लॅपटॉप चालेल का? (एक वाचक, सांगली)

उत्तर : एआरएम म्हणजे फोनमध्ये असते त्या जातीची चिप. तिच्यासाठी 2012 मध्ये आलेल्या विंडोज आरटीवर जुना प्रोग्रॅम बसायचाच नाही. विंडोज 11 मात्र इंटेलसाठी लिहिलेला प्रोग्रॅम एआरएमवर भाषांतर करत चालवतं, म्हणून टॅलीसारखा प्रोग्रॅम चालण्याची शक्यता चांगली आहे. घोडं पेंड खातं ते ड्रायव्हरपाशी, म्हणजे प्रिंटरसारखं उपकरण चालवणाऱ्या छोट्या प्रोग्रॅमपाशी. ड्रायव्हरचं असं भाषांतर होत नाही, तो एआरएमसाठीच बनवलेला लागतो. टोकन, जुना प्रिंटर आणि सॉफ्टवेअरचं यूएसबी लॉक, तिन्ही दुकानात नेऊन त्याच मॉडेलवर लावून बघा. एकही अडलं तर इंटेल किंवा एएमडीचाच घ्या.

श्रीलिपीच्या जुन्या, युनिकोड (सगळ्या उपकरणांना कळणारी अक्षरांची पद्धत) नसलेल्या फाइलींची गोष्ट निराळी. त्यात मराठी अक्षरं इंग्रजी अक्षरांच्या जागी बसवलेली असतात. तो फॉन्ट नसलेल्या फोनवर फाइल उघडली की सगळा गिचमिड मजकूर दिसतो. नुसतं वाचायला द्यायचं असेल तर फॉन्ट एम्बेड करून, म्हणजे फाइलमध्येच बसवून पीडीएफ पाठवा. मात्र त्यातून मजकूर कॉपी केला की पुन्हा गिचमिडच येईल. फोनवर दुरुस्ती करायची असेल तर मजकूर विंडोजवरच युनिकोडमध्ये बदलून घ्या, आणि जोडाक्षरं व रफार एकदा डोळ्यांखालून घाला. बदलताना हमखास तिथेच चुका होतात.