स्किम करायच्या आधी कॉर्नर बीड कसं बसवायचं?

प्रश्न: जिप्सम बोर्डचं पार्टिशन मी स्वतःच उभं केलं, बाहेरच्या कोपऱ्याला पत्र्याचं कॉर्नर बीड (कोपऱ्याची धार सरळ राहावी म्हणून बसवायची कोनाकृती पट्टी) खिळ्यांनी ठोकलं आणि वरून स्किम (प्लास्टरचा शेवटचा पातळ थर) मारलं. आता बाजूने उजेड पडला की धार नागमोडी दिसते आणि कोपऱ्यापासून इंचभरावर एक बारीक उभी भेग आलीय. अजून दोन कोपरे बाकी आहेत, तिथे असं होऊ नये म्हणून काय करू?

उत्तर: बरं झालं दोन कोपरे बाकी असतानाच विचारलंत. ही चूक बहुतेक स्किमची नाही, ठोकण्याची आहे. बोर्डच्या आत नुसता जिप्सम असतो, मागे लाकडी फ्रेम नसेल तर खिळा तिथे भुगा करतो आणि धरत काहीच नाही, मग बीडचा पंख, म्हणजे धारेच्या बाजूची सपाट पट्टी, हलत राहतो आणि बरोबर त्याच्या कडेवर भेग येते. आणि एखादा खिळा जरा जास्त बसला की पंख आत जातो, धार तिथे सरकते, तीच तुमची नागमोड.

आधी बीड कोणतं आहे ते बघा. जाड प्लास्टरचं, रुंद जाळीवालं बीड इथे चालत नाही, स्किमसाठी पातळ बीड वेगळं मिळतं कारण आपला थर जेमतेम २-३ मिमी असतो. बीड जमिनीपासून सेंटीमीटरभर वर ठेवून कापा, म्हणजे फरशी पुसताना पाणी चढून गंज धरणार नाही. ओलसर जागा असेल तर सरळ पीव्हीसीचं घ्या. कापताना पत्र्याच्या कात्रीने आधी दोन्ही पंख कापा, धार शेवटी, नाहीतर टोक चेपतं. उंचीला एक तुकडा पुरत नसेल तर जोड वरच्या बाजूला घ्या, हात-खांदा लागतो तिथे नको, आणि तुकडे एकमेकांवर चढवू नका, टोकाला टोक भिडवा.

मी तरी खिळ्यांच्या भरवशावर राहत नाही. कोपऱ्याच्या दोन्ही बाजूंना फूटभर अंतराने प्लास्टरचे छोटे गोळे लावायचे, बीड त्यात दाबायचं, भोकांतून प्लास्टर बाहेर आलं की ते लगेच थापीने सपाट खरवडून घ्यायचं. मग लांब पाणसळ लावून दोन्ही बाजूंनी उभी रेघ बघायची, आणि हे सगळ्यात महत्त्वाचं, एक सरळ पट्टी धारेवरून बोर्डवर आडवी टेकवायची. पट्टीखाली धारेजवळ २-३ मिमी फट दिसली पाहिजे, वरपासून खालपर्यंत सारखी, कारण प्लास्टर किती जाड होणार हे बीडच ठरवतं, थापी फक्त त्यावरून फिरते. फट कमी असेल तर पंख स्किममधून डोकावतो, जास्त असेल तर कोपऱ्याला फुगवटा येतो. पक्कं सुकेपर्यंत हात लावू नका, घाई इथेच नडते. मग पंखाच्या कडेवरून फायबरची जाळीची टेप मारा आणि त्यानंतरच स्किम.

झालेल्या कोपऱ्याचं म्हणाल तर बोटाच्या पेराने वरून खाली टकटक करत जा. पोकळ आवाज आला तर ते बीड काढाच, वरून कितीही लांबी (पुट्टी) भरली तरी भेग परत येणार. घट्ट असेल तर भेग खरवडा, टेप लावा, दोन पातळ हात रुंद पसरवून मारा. धार जिथे आत गेलीय तिथे लांबीने भरून निघते, पण बाहेर आलेली धार घासून खाली बसत नाही, घासलं तर जस्ताचा थर जातो आणि खालून गंज वर येतो, तेवढा तुकडा कापून नवा बसवावाच लागेल.