एकाच केशरी कार्डावर नऊ माणसं असतील तर जनआरोग्य योजनेत बसतो का? कार्ड वेगळं करावं का? घरात आजी चौऱ्याहत्तरच्या आहेत, आणि माणसं वाढली की उत्पन्नाची अट सैल होते असं वाचलंय, ते खरं का?

माणसं जास्त आहेत म्हणून योजनेतून कुणाला काढत नाहीत. ही धास्ती आधी मनातून काढून टाका. २००८ च्या राष्ट्रीय स्वास्थ्य विमा योजनेत एका कुटुंबातले पाचच जण धरायचे, तेव्हापासूनची समजूत अजून लोकांच्या डोक्यात आहे. आयुष्मान भारत आणि आपली महात्मा फुले जनआरोग्य योजना, दोन्हींत अशी मर्यादा नाही.

माणसं वाढली की उत्पन्नाची अट सैल होते, असं तुम्ही वाचलंत ते अमेरिकेतल्या मेडिकेड या सरकारी आरोग्य योजनेचं. आपल्याकडे केशरी कार्डाची वर्षाला एक लाखाची अट अख्ख्या घराला मिळून आहे, खाणारी तोंडं तीन असोत की नऊ. मला हे मोठ्या कुटुंबांवर अन्यायाचं वाटतं. पण २०२३ च्या शासन निर्णयानं पांढरं कार्डसुद्धा जनआरोग्य योजनेत घेतलं, त्यामुळे या योजनेपुरता कार्डाचा रंग आता आड येत नाही.

माणसं मोजायची ती पैशांसाठी. रेशन दुकानात प्राधान्य कुटुंबाला माणशी पाच किलो धान्य मिळतं, तसं इथे माणशी काही नाही. वर्षाला पाच लाखांपर्यंत उपचारांचा खर्च, सगळ्या घरात मिळून. समजा वडिलांच्या ऑपरेशनला दोन लाख लागले, तर त्या वर्षापुरते तीनच उरले, त्यात सगळ्यांचं भागवायचं. तुमच्या आजी चौऱ्याहत्तरच्या आहेत ना? मग त्यांचं आयुष्मान वय वंदना कार्ड आधी काढा. ऑक्टोबर २०२४ पासून सत्तरी ओलांडलेल्यांना उत्पन्न न बघता पाच लाखांचं वेगळं संरक्षण आहे, म्हणजे घरच्या रकमेला हात लागत नाही.

भावांच्या चुली खरोखर वेगळ्या असतील तर कार्ड जरूर वेगळं करा. पण नुसत्या पाच लाखांसाठी कागदोपत्री फोडू नका. तालुक्याचा इष्टांक, म्हणजे किती जणांना धान्य द्यायचं तो ठरलेला आकडा, भरलेला असेल तर नव्या कार्डाला धान्य लगेच सुरू होत नाही, आणि पोरांच्या तोंडचा गहू-तांदूळ थांबतो.

खरी अडचण नावाची असते, हे आम्ही भोगलंय. माझी धाकटी जाऊ सिन्नरची. लग्नानंतर माहेरच्या कार्डातून तिचं नाव कमी केलं, दाखला आणला आणि तो लोखंडी कपाटात साड्यांखाली राहिला. २०१९ साली तिला मुतखड्याचं ऑपरेशन सांगितलं. आम्ही कार्ड घेऊन दवाखान्यात गेलो. काउंटरवरच्या मुलीनं पानावर बोट फिरवत सासूबाई, सासरे, दोघे भाऊ, मी, माझी मुलं अशी सगळी नावं वाचली. जावेचं नव्हतंच. त्या मुलीचा काही दोष नव्हता. दिवस थांबायचे नव्हते, म्हणून तिच्याच पाटल्या गहाण ठेवल्या.

तेव्हा आज रात्रीच कार्ड काढा आणि आधारशेजारी ठेवून एकेक नाव ताडून बघा. स्पेलिंगसुद्धा बघा. नव्या सुनेचं नाव चढलंय का, बाळाचं चढलंय का? नसेल तर माहेरचा नाव कमी केल्याचा दाखला किंवा जन्मदाखला घेऊन पुरवठा शाखेत अर्ज द्या. काही अडलं तर नाशिकला त्र्यंबक रोडच्या सिव्हिल हॉस्पिटलमध्ये आरोग्यमित्राला, म्हणजे योजनेच्या मदतीसाठी तिथे बसणाऱ्या माणसाला, भेटा, नाहीतर १५५३८८ वर फोन करा. आजारपण आल्यावर नाव चढवायला वेळ मिळत नाही.