बाळाला सहा महिने पूर्ण झाले; घरचे म्हणतात वरणाचं पाणी सुरू करा. वरचं खाणं नेमकं कसं द्यावं?

ताई, वरणाचं पाणी नको, वरण द्या. पेज नको, भात द्या. मऊ शिजवून, चांगला घोटून, पण घट्ट.

मी ऐरोलीची. मुलगी सहा महिन्यांची झाली आणि त्याच सुमारास माझी २६ आठवड्यांची रजा संपली. मी ठाण्याला कामावर जायला लागले, घरी सासूबाई तिचं जिवापाड करायच्या. दिवसातून चार वेळा वाटीभर वरणाचं पाणी. मुलगी गटागटा प्यायची, पोट टम्म, आम्ही सगळे खूश. आठवा महिना संपताना काट्यावर ठेवली तर दोन महिन्यांत जेमतेम २०० ग्रॅम वाढ. मी तिथेच रडले. डॉक्टरांनी काय देता ते विचारून घेतलं आणि एवढंच सांगितलं: चमचा तिरका करून बघा. ओघळलं तर ते पाणी, चमच्याला धरून राहिलं तर ते अन्न.

घरी आल्यावर मी चमचा सासूबाईंच्याच हातात दिला. त्यांनी तिरका केला, सगळं ताटलीत सांडलं. त्या काही बोलल्या नाहीत, पण दुसऱ्या दिवशी सकाळी तांदूळ आणि मूगडाळ धुऊन पंचावर वाळत घातली होती.

कारण साधं आहे. बाळाचं पोट एवढंसं. ते पाण्याने भरलं की अंगावरचं दूधही कमी प्यायलं जातं, म्हणजे दोन्हीकडून नुकसान. शिवाय जन्माच्या वेळी अंगात असलेला लोहाचा साठा सहाव्या महिन्याच्या आसपास संपत येतो आणि आईच्या दुधात लोह फार थोडं असतं. डाळीतलं सत्त्व खाली बसलेल्या गाळात असतं, आणि आपण देतो वरचं पाणी!

आमचं खिमट असं: दोन वाट्या तांदूळ, एक वाटी मूगडाळ, थोडे जिरे. खमंग भाजून रवाळ दळायचं. दोन चमचे पीठ पाण्यात घट्टसर शिजवून वर अर्धा चमचा साजूक तूप आणि लिंबाचे दोन थेंब. लिंबामुळे डाळीतलं लोह अंगी लागतं. सुरुवातीला दोन-तीन चमचे, दिवसातून दोनदा. नवव्या महिन्यापर्यंत अर्धी वाटी, तीन-चार वेळा. तुमच्याकडे अंडी-मासे खात असतील तर वर्षभर थांबू नका. पूर्ण शिजवलेलं अंडं आणि काटे नीट काढलेला मासा आताच कुस्करून देता येतो.

मीठ, साखर, गूळ वर्षाचं होईपर्यंत नको. चहात बुडवलेलं बिस्कीटही नको. आणि मध अजिबात नको, गुटीतूनसुद्धा नाही. मधातल्या जंतूंच्या बीजांमुळे एक वर्षाच्या आतल्या बाळाचे स्नायू लुळे पडू शकतात. इथे घरच्यांशी वाद झाला तरी चालेल, माघार घेऊ नका. गाईचं-म्हशीचं दूध वाटीने पाजायचं तेही वर्षानंतरच.

अंगावरचं दूध मात्र सोडू नका. निघताना, आल्यावर, रात्री मागेल तेव्हा. आणि दर महिन्याला वजन करा, अंगणवाडीत किंवा लसीच्या वेळी आरोग्य केंद्रात. कार्डावरची रेघ आडवी दिसली तर पुढच्या तारखेची वाट न बघता लगेच दाखवा.