गाणं म्यूजचं, ओळी दलीलाच्या

या महिन्यात पत्रांचा ढीग एकाच गाण्यावरून आलाय. मागच्या अंकात मी सहज एक वाक्य टाकलं होतं की म्यूजच्या ‘आय बिलाँग टू यू’मधला फ्रेंच तुकडा हा त्या गाण्याचा सगळ्यात भारी भाग आहे, आणि झालं, लगेच दोन तट पडले. एका बाजूला म्यूजवाले, दुसऱ्या बाजूला ऑपेरावाले, आणि मधे काही बिचारे ज्यांना नुसतं विचारायचंय की नक्की भांडण कशावरून आहे. तर आधी त्यांच्यासाठी. म्यूज हा इंग्लंडमधल्या डेव्हनच्या टिनमथ गावचा तिघांचा रॉक बँड, गाणारा मॅट बेलामी. २००९ च्या ‘द रेझिस्टन्स’ अल्बममधलं आठवं गाणं म्हणजे हे. जवळपास साडेपाच मिनिटांचं, पियानोचा उडता ठेका, मजेत चाललेलं असतं आणि मधेच सगळं थांबतं, गाणं संथ होतं आणि बेलामी चक्क फ्रेंचमधे गायला लागतो. त्या ओळी आणि ती चाल कामी सँ-साँस या फ्रेंच संगीतकाराच्या ‘सॅमसन आणि दलीला’ या ऑपेरातली आहे, दुसऱ्या अंकातली दलीलाची प्रसिद्ध आरिया (ऑपेरातलं एखाद्या पात्राचं मोठं गाणं), ‘माँ कर सूव्र आ ता व्वा’, म्हणजे माझं हृदय तुझ्या आवाजाने उमलतं. आता पत्रं.

ताई, स्पष्ट विचारतो. दुसऱ्याची चाल उचलायची, आपल्या गाण्यात घुसडायची आणि फॅन्सनी वाहवा करायची, याला चोरी नाही तर काय म्हणायचं?

चोरी माणूस लपवून करतो हो. इथे तर त्या आरियाचं अख्खं नाव गाण्याच्या नावातच अधिकचं चिन्ह देऊन छापलंय, अल्बमच्या मागच्या बाजूला बघा. आणि सँ-साँस वारला १९२१ साली, २००९ पर्यंत कॉपीराइट कधीच संपलेला, म्हणजे परवानगीचाही प्रश्न नव्हता. याच अल्बममधे ‘युनायटेड स्टेट्स ऑफ युरेशिया’च्या शेवटी शोपँ या जुन्या संगीतकाराची पियानोची रचना, नॉक्टर्न, येते, त्यावर मात्र कोणी एक पत्र लिहिलं नाही, गंमतच आहे. (पियानो वाजवला तर चालतं, फ्रेंच गायलं की राग येतो असं दिसतंय.)

खरा घोळ बघायचा असेल तर १९७५ चं ‘ऑल बाय मायसेल्फ’ हे गाणं बघा. एरिक कार्मेन या गायकाने रॅखमानिनॉव्ह या रशियन संगीतकाराच्या दुसऱ्या पियानो कॉन्चेर्तोमधली (पियानो आणि वाद्यवृंदासाठीची मोठी रचना) चाल घेतली, त्याला वाटलं ती सगळ्यांना मोकळी आहे, पण रॅखमानिनॉव्ह १९४३ ला गेलेला आणि अमेरिकेबाहेर हक्क शाबूत होते, मग त्याच्या वारसांशी करार करून श्रेय द्यावं लागलं. आणि ऑपेरावाल्यांनी फार ताठ बसू नये, कारण फ्रेंच ऑपेरातलं सगळ्यात गाजलेलं गाणं, बिझेच्या ‘कार्मेन’ या ऑपेरातलं हाबानेरा, तेच मुळात उचललेलं आहे. बिझेला वाटलं ही स्पॅनिश लोकगीताची चाल आहे, नंतर कळलं की इराद्येर नावाच्या संगीतकाराची आहे आणि तो तर १८६५ मधेच वारलाय, मग बिझेने छापील प्रतीत तशी टीप टाकली. म्हणून काय आता कार्मेन ऐकायचं बंद करायचं?

मी म्यूजचा जुना फॅन आहे, तरी सांगतो, तो फ्रेंच भाग म्हणजे ठिगळ आहे. गाणं एक चाललंय आणि मधेच दुसरंच काहीतरी. इतकीच हौस होती तर वेगळा ट्रॅक करायचा ना.

हे मत मला सगळ्यात जास्त पत्रांत दिसलं आणि मला तेच सगळ्यात कमी पटतं. गाण्याची पहिलीच ओळ आठवा. काय आहे तिच्यात? हे खांब पाडले जातील तेव्हा मुकुट तुझ्या डोक्यावर असेल, अशा अर्थाचं काहीतरी आहे ना? कुठले खांब? प्रेमगीतात खांब कशाला येतील? बायबलमधे, शास्ते नावाच्या पुस्तकाच्या सोळाव्या अध्यायात सॅमसनची (मराठी बायबलात तो शमशोन) गोष्ट आहे. त्याची ताकद केसांत, तो जिच्या प्रेमात पडतो ती दलीला ते गुपित काढून घेते, त्याचे शत्रू पलिष्टी लोक त्याला पकडून डोळे काढतात, आणि शेवटी तो दागोनच्या देवळाचे दोन मधले खांब ढकलून सगळं देऊळ आपल्यासकट सगळ्यांच्या अंगावर पाडतो. ऑपेराचा तिसरा अंकही तिथेच संपतो, खांब कोसळतात आणि पडदा पडतो.

म्हणजे गाणं सुरू होतं तेच सॅमसनच्या तोंडून. शेवट आधी सांगून टाकलाय, मी या बाईपायी देवळाखाली गाडला जाणारे आणि तरी मी तुझाच, असं. मग मधे जेव्हा दलीलाच्या ओळी येतात तेव्हा त्या बाहेरून आणून चिकटवलेल्या राहत नाहीत, त्या याच गोष्टीतल्या दुसऱ्या पात्राच्या आहेत. फक्त गाणारा एकच आहे. ज्याची फसवणूक झाली तोच माणूस फसवणारीचं गाणं गातोय, आणि त्यात इतका रमलाय की तिच्या ओळी संपता संपता परत इंग्रजीत येऊन मी तुझाच असं म्हणतो. माझ्या मते गाण्याची सगळी गंमत या उलटापालटीत आहे आणि ठिगळ म्हणणाऱ्यांनी पहिली ओळ नीट ऐकलेलीच नाही, नाव वाचून थेट तिसऱ्या मिनिटावर उडी मारली असणार.

हां, सांध्याबद्दल तक्रार करता येईल. पियानोच्या ठेक्यातून एकदम संथ सुरात जाताना पहिल्यांदा ऐकताना धक्का बसतो हे खरंय. पण मूळ ऑपेरातही तो अंक असाच आहे, बाहेर वादळ घोंघावतंय आणि आत ही बाई शांतपणे गातेय.

ताई, आरियाची पार्श्वभूमी माहीत नसताना लोक ती प्रेमगीत म्हणून वापरतात याचा मला मनस्वी त्रास होतो. दलीला तिथे धादांत खोटं बोलत असते. बेलामीलाही हे कळलेलं नाही असं माझं ठाम मत आहे.

बेलामीला काय कळलंय ते वरच्या उत्तरात आलं, पहिल्या ओळीत खांब घालणाऱ्याला गोष्ट माहीत नसेल असं मला तरी वाटत नाही. पण तुमच्या पत्रातला दुसरा भाग जास्त इंटरेस्टिंग आहे, कारण दलीला खोटं बोलते हे तुम्ही फार सरळ करून टाकलंय.

बायबलमधली दलीला पैसे घेते, पलिष्ट्यांचे सरदार प्रत्येकी अकराशे चांदीची नाणी देऊ करतात. ऑपेरातली दलीला घेत नाही. मुख्य पुजारी सोनं देऊ करतो तर ती उडवून लावते, मला तुझं सोनं नको, मला सूड हवाय. म्हणजे लेखक फेर्दिनाँ लमेर आणि सँ-साँस यांनी तिला मुद्दाम विकाऊ ठेवली नाही. मग ती आरिया येते. पट्टी डी फ्लॅट मेजर, म्हणजे पेटीवरची काळी एक, तीन मात्रांचा संथ ठेका. पहिल्या कडव्यात पहाटेच्या चुंबनाने फुलं उमलतात तसं माझं हृदय तुझ्या आवाजाने उमलतं, आणि मग धृपद, ‘आ! रेपाँ आ मा तांद्रेस’, माझ्या प्रेमाला उत्तर दे. त्या धृपदात सूर अर्ध्या अर्ध्या पायरीने खाली सरकत येतात, आणि ऐकणाऱ्याचा विरोध तसाच हळूहळू खाली बसत जातो, कामच तसं आहे त्या चालीचं. दुसऱ्या कडव्यात वाऱ्याच्या झुळकीने गव्हाच्या ओंब्या डोलतात तसं हृदय थरथरतं असं म्हणते आणि खाली वाद्यं अक्षरशः डोलायला लागतात.

आता एवढं सुंदर संगीत खोटं बोलणारीला का दिलं? संगीतात खोटं कुठेच ऐकू येत नाही. ते पुढच्या पानावर कळतं, जेव्हा गुपित सांगायला सॅमसन नकार देतो आणि हीच बाई त्याला भित्रा, प्रेमशून्य म्हणून झापून घरात निघून जाते, आणि तो मागोमाग जातो. सँ-साँसने ऐकणाऱ्यालाही सॅमसनच्याच जागेवर बसवलंय, आपल्याला गोष्ट माहिती असते आणि तरी आपण फसतो. त्यामुळे लोक हिला प्रेमगीत समजून वापरतात यात लोकांचा दोष कमी आणि सँ-साँसची करामत जास्त. तुम्ही त्रास करून घेऊ नका.

अजून एक, कॉन्सर्टमधे ऐकणाऱ्यांच्या हे लक्षातच येत नाही की मूळ ऑपेरात ती एकटी गात नाही, मधे मधे सॅमसन येतो आणि शेवटी ‘दलीला, माझं तुझ्यावर प्रेम आहे’ हे तोच म्हणतो. कॉन्सर्टमधे सॅमसन गाणारा टेनर (उंच पट्टीचा पुरुष गायक) नसतो म्हणून गायिका शेवट बदलून सॅमसनचं नाव घेऊन ती ओळ स्वतःच गातात. बेलामी तेच करतोय की, शेवटची कबुली स्वतःच देतो, म्हणजे या सोयीच्या प्रथेलाच त्याने गाण्याचा अर्थ बनवून टाकलं.

त्याचे फ्रेंच उच्चार! काही बोला!

बोलते. वाईट आहेत, पॅरिसमधे पत्ता विचारला तर लोक हसतील. पण एक बारीक मुद्दा, बोलण्यातला घशातला ‘र’ आणि ऑपेरातला ‘र’ वेगळा असतो, गाताना परंपरेने जिभेचा ‘र’ वापरतात, आणि ‘तांद्रेस’, ‘इव्रेस’ यांचा शेवटचा अर्धवट स्वर बोलताना गिळतात पण गाताना त्याला स्वतंत्र सूर असतो. त्यामुळे शाळेत शिकलेल्या फ्रेंचने गाण्याचे मार्क काढायला जाऊ नका, निम्म्या पत्रांत तेच केलंय.

आणि भाषेच्या शुद्धतेवरून जे फारच तापलेत त्यांना एवढंच सांगते की हा ऑपेरा पहिल्यांदा फ्रेंचमधे झालेलाच नाही. फ्रान्समधे बायबलची गोष्ट रंगमंचावर आणायला कोणी तयार नव्हतं. पोलीन व्ह्यार्दो ही मोठी गायिका, तिच्यासाठीच दलीला लिहिलेली, तिने १८७४ मधे पॅरिसजवळच्या क्रुआसीला दुसरा अंक खाजगीत गाऊन दाखवला, पॅरिस ऑपेराचा डायरेक्टर समोर होता, तरी काही झालं नाही. शेवटी फ्रान्झ लिस्ट या संगीतकाराने मनावर घेतलं आणि २ डिसेंबर १८७७ ला जर्मनीतल्या वायमारला पहिला प्रयोग झाला, जर्मन भाषांतरात. फ्रान्समधे यायला १८९० उजाडलं, तेही पॅरिस नाही, रुआँ. पॅरिस ऑपेराला १८९२ मधे जाग आली. तोपर्यंत व्ह्यार्दोचं गायचं वय कधीच सरून गेलं होतं, याचं मला उच्चारांपेक्षा जास्त वाईट वाटतं.

बाईसाठी लिहिलेली आरिया पुरुषाने गाणं हा प्रकार म्यूजनेच पहिल्यांदा केला ना? आमच्या ग्रुपमधे पैज लागली आहे.

पैज हरलात. क्लाउस नोमी. जर्मनीत जन्मलेला गायक, न्यूयॉर्कच्या न्यू वेव्ह संगीताच्या मंडळींतला, अंगात विचित्र त्रिकोणी कोट आणि तोंडाला पांढरा रंग. १९७८ मधे तिथल्या एका शोमधे त्याने हीच आरिया गायली आणि लोक आ वासून बघत राहिले, नंतर १९८१ च्या त्याच्या पहिल्या अल्बममधेही ती आहे. १९८३ मधे तो गेला. फरक असा की नोमी पूर्ण बाईच्या पट्टीत, काउंटरटेनर (बायकांइतक्या उंच पट्टीच्या पुरुषी) आवाजात, आरिया म्हणून गातो, बेलामी आपल्या रॉकच्या गळ्याने गातो आणि तिचं गाण्यात रूपांतर करतो. मला नोमीचं ऐकताना अंगावर काटा येतो, बेलामीचं ऐकताना मजा येते. ज्याची त्याची आवड.

ट्वायलाइटच्या ‘न्यू मून’ सिनेमातलं गाणं हेच का? त्यात तर फ्रेंच काहीच नाही.

हेच, पण रिमिक्स. त्यात आरिया कापून टाकलीय, त्यामुळे उरतं ते नुसतं उड्या मारणारं प्रेमगीत. ठिगळवाल्या वाचकाने ते ऐकावं, त्याला हवं तसं मिळेल, आणि दोन वेळा ऐकून कंटाळा आला तर मला कळवावं.

मूळ ऑपेरा ऐकायचाय पण तीन अंक झेपतील का शंका आहे. कुठून सुरू करू?

दुसऱ्या अंकापासून. पहिला अंक बराचसा कोरस आहे, सँ-साँसच्या डोक्यात आधी हा ऑपेरा नव्हताच, ऑरेटोरिओ (अभिनयाशिवाय नुसतं गाऊन सादर करायची धार्मिक कथा) होता, ते पहिल्या अंकात जाणवतं आणि सवय नसेल तर झोप येते. रेकॉर्डिंग जुनं चालत असेल तर रीटा गोर आणि जॉन व्हिकर्सचं १९६२ चं घ्या, प्रेत्र कंडक्टर आहे, व्हिकर्सचा सॅमसन ऐकताना हा माणूस खरंच खांब पाडेल असं वाटतं. बघायचंच असेल तर न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन ऑपेराचा २०१८ चा प्रयोग आहे, एलीना गरांचा आणि रोबेर्तो अलान्या, सेट जरा भडक आहे पण गरांचासाठी चालवून घ्या. आरिया आली की लगेच बंद करू नका, पुढची दहा मिनिटं, भांडण आणि वादळ, ऐकाच. मग तिसऱ्या अंकातला बाकानाल, तो नाच कुठेतरी ऐकलाय असं तुम्हाला नक्की वाटेल. पहिला अंक नंतर कधीतरी.