ऑक्टो कसला घ्यावा आणि कुठं अडकवावा?

प्रश्न : नमस्कार दादा, मी परभणीचा, शाळेवर शिक्षक आहे. पोहायला शिकलो ते मामाच्या विहिरीत पाठीला डबा बांधून. मागच्या वर्षी मी आणि बायको दोघांनी अंदमानात स्कूबाचा ओपन वॉटर कोर्स केला, आतापर्यंत ११ डाइव्ह झालेत. दिवाळीच्या सुट्टीत तारकर्लीला जायचं ठरवायलोय आणि टाकीतली हवा तोंडाशी आणणारा स्वतःचा रेग्युलेटर सेट घ्यायचाय. दुकानदार म्हणतो आपल्या तोंडात राहतो तो मेन चांगल्यातला घ्या, ऑक्टोपस म्हणजे अडचणीसाठीचा जादाचा, तो कसलाही चालतो, तो कुठं वापरात येतोय. खरंय का? आणि तो ऑक्टो लावायचा कुठं, प्रत्येकाचा वेगळ्याच जागी लोंबताना दिसतो.

उत्तर : सर, स्टेपनीला गुळगुळीत टायर टाकून ठेवतात ना, तसलाच हा सल्ला. पण स्टेपनी लागली तर रस्त्याच्या कडेला तासभर खोळंबा होतो एवढंच, इथं तसं नाही. आणि एक गोष्ट आधी डोक्यात पक्की करा, ऑक्टो लागलाच तर तो बहुतेक वेळा तुम्हाला नाही, तुमच्या बडीला, पाण्यातल्या जोडीदाराला लागणार, म्हणजे तुमच्या बायकोला. तिच्यासाठी घ्यायचाय असं समजून निवडा.

म्हणजे लई महागातला घ्या असं मी म्हणत नाही. साधा, बॅलन्स नसलेला डाउनस्ट्रीम व्हॉल्व्हचा (हवा वाहते त्याच दिशेनं उघडणाऱ्या झडपेचा) सेकंड स्टेज, म्हणजे तोंडात धरायचा भाग, चांगला दणकट असतो, बिघडला तरी बहुतेक वेळा हवा बंद पडत नाही, उलट भसाभस वाहायला लागते, आणि वाहत्या हवेतून श्वास घेता येतो. तुमच्या मेनच्याच कंपनीचा, टाकीवर बसणाऱ्या त्याच फर्स्ट स्टेजसोबत चालणारा घ्या, आणि त्यावर युरोपच्या ईएन २५० स्टँडर्डचा शिक्का बघा, २५० च्या पुढं ए असेल तर एका फर्स्ट स्टेजवर दोघं जण ओढतायत असं धरून तो टेस्ट केलेला असतो. आणखी एक, उगीच हवा सुटू नये म्हणून ऑक्टो जरा कडक ट्यून करतात, ते ठीक, पण काही ठिकाणी इतका कडक करून देतात की ओढताना गाल आत जातात, म्हणून सर्व्हिसिंगहून आल्यावर तोंडात धरून स्वतः ओढून बघाच.

आता हिशोब बघा. २० मीटरवर दाब ३ बार, पाण्याबाहेरच्या तिप्पट, म्हणजे वर जो माणूस मिनिटाला २० लिटर ओढतो तो खाली ६० ओढतो, आणि घाबरला की दुप्पट. टाकी ११ लिटरची आणि प्रेशरच्या काट्यावर ५० बार राहिलेत, म्हणजे ११ गुणिले ५०, ५५० लिटर हवा. घाबरलेली दोन माणसं त्या खोलीवर मिनिटाला २४० लिटर संपवतात. मिनिटाला ९ मीटरच्या स्पीडनं वर यायला दोन मिनिटांच्या वर लागतात, वर येता येता दाब कमी होत जातो, म्हणून त्यात साधारण साडेतीनशे लिटर जातात. म्हणजे लगेच निघालात तर पुरतं, पण खाली एक मिनिट जरी होज (हवेची नळी) सोडवण्यात नि एकमेकांना धरण्यात गेलं तर हिशोब बसत नाही. म्हणून किंमतीपेक्षा जागा महत्त्वाची.

जागा म्हणजे हनुवटी आणि दोन्हीकडच्या खालच्या बरगड्या यांच्यामधला त्रिकोण. समोर, पिवळा, उघड्यावर. बीसीडीच्या, म्हणजे हवा भरायच्या जॅकेटच्या खिशात कोंबायचा नाही आणि घट्ट क्लिपनं जखडायचा पण नाही, सिलिकॉनचं किंवा मॅग्नेटचं होल्डर घ्या जे एका हिसक्यात सुटतं पण आपोआप सुटत नाही. होज ९० ते १०० सेंटीमीटरचा, उजव्या खांद्यावरून नाहीतर काखेखालून आणलेला. घरी अंगणात दोघांनी गिअर घालून उभं राहा, बायकोला डोळे मिटायला सांगा आणि एका हातानं ऑक्टो ओढून तोंडाला लावू द्या. उलटा लागला, म्हणजे बुडबुडे सुटायची जाळी वर आली, तर श्वासासोबत पाणी येतं, तेही तिथंच कळेल.

हे एवढं घोळून सांगतोय कारण कर्नाटकातल्या नेत्राणी बेटापाशी माझ्यासोबत झालंय. भाड्याचा सेट होता, होल्डरचं रबर सैल, ऑक्टो कधी निसटला कळलंच नाही, अख्खी डाइव्ह मागं वाळूत घासत आला. वर येताना ५ मीटरवर थोडं थांबतात त्या सेफ्टी स्टॉपला सहज म्हणून तोंडात घेतला तर अर्धी हवा, अर्धं खारं पाणी आणि दातांत कचकच. वर येऊन उघडला तर एक्झॉस्टच्या पातळ रबरी पडद्याखाली वाळूचे चार कण अडकलेले, बस तेवढेच. माझा बडी तेव्हा शेजारीच होता, त्याला खाली गरज पडली असती तर हेच त्याच्या हातात दिलं असतं मी. तेव्हापासून पाण्यात उतरायच्या आधी ऑक्टोतून चार श्वास घेतल्याशिवाय मी बोटीवरून पाय काढत नाही.

दुसरी एक पद्धत मला स्वतःला जास्त पटते. घाबरलेला माणूस पुष्कळदा तुमच्या तोंडातलाच रेग्युलेटर हिसकावतो, कारण तो चालू आहे हे त्याला दिसत असतं. म्हणून मेनलाच ५ किंवा ७ फुटी लांब होज लावून तोच द्यायचा, आणि आपला बॅकअप इलॅस्टिकच्या दोरीत गळ्यात, हनुवटीच्या खालीच, हात न लावता पण तोंडात घेता येतो. याला सराव लागतो आणि बोटीवर इन्स्ट्रक्टरला व बडीला आधी सांगावं लागतं. बीसीडीत हवा भरायच्या इन्फ्लेटरमध्येच ऑक्टो असलेला प्रकार मात्र ११ डाइव्हला नको, त्याच्यातून श्वास घेत घेत बीसीडीची हवा सोडत वर येणं नव्या माणसाला जड जातं.

आणि सेट माळ्यावर पत्र्याखाली ठेवू नका, आपल्याकडचा एप्रिल-मे रबराला खाऊन टाकतो. माउथपीस झिप टायजवळ चिरलाय का बघत राहा, गोड्या पाण्यानं धुताना फर्स्ट स्टेजचं झाकण लावलेलं पाहिजे आणि सेकंड स्टेजवरचं हवा सोडायचं पर्जचं बटण दाबायचं नाही.

प्रश्न : दादा, आम्ही जालन्याचे. भावानं आणि मी स्कूबाचा कोर्स केलाय. शेतात शेततळं आहे, १२ फूट पाणी. हवा वाटून घ्यायचा सराव तिथं केला तर?

उत्तर : नको ताई, अजिबात नको. शेततळ्याचा प्लास्टिकचा कागद शेवाळानं इतका घसरडा होतो की पट्टीच्या पोहणाऱ्याला पण काठावर चढता येत नाही, पाठीवर टाकी घेऊन तर विसराच. आणि पाणी कमी म्हणून धोका कमी असं नसतं, टाकीची हवा छातीत भरून श्वास रोखून वर आलं तर दीड मीटरमधून सुद्धा फुप्फुसाला इजा होऊ शकते. पायऱ्यावाल्या स्विमिंग टँकमध्ये, इन्स्ट्रक्टर पाण्यात असताना करा. ऑक्टो हातात देणं, एकमेकांचा उजवा दंड धरणं आणि श्वास चालू ठेवत सोबत वर येणं, हे तिन्ही एका दमात आणि गडबड न होता जमेपर्यंत. मग पुढच्या वेळी भावानं न सांगता एकदम हवा संपल्याची खूण करायची, आणि तुमचा हात ऑक्टोवर किती वेळात जातो ते इन्स्ट्रक्टरला मोजायला सांगायचं.