बाजू नव्हे, टोक बघा

ताई, आजेसासूबाईंच्या ट्रंकेत मिळालेला कुंकवाचा करंडा आणि सारीपाटाचे तीन लांबट फासे खऱ्या हस्तिदंताचे आहेत का, हा तुमचा प्रश्न. जुन्या वस्तू घेणाऱ्यानं तुम्हाला सांगितलंय, गरम सुई टोचून बघा. कृपा करून टोचू नका. मी हा उद्योग केलाय. आत्याची जुनी पिवळट फणी होती. गॅसवर सुई लाल केली आणि टेकवली, तर फणी भपकन पेटली. सेल्युलॉइडची, म्हणजे जुन्या काळच्या एका प्लॅस्टिकची निघाली, एवढं कळलं, पण निम्मे दात जळाले. आत्या अजून पाहुण्यांसमोर तो विषय काढते.

सेल्युलॉइड ओळखायला सुईची गरजच नाही. अंगठ्यानं मिनिटभर जोरात घासा आणि लगेच नाकाशी धरा, कापराचा वास येतो. कारण त्यात खरोखरच कापूर असतो. पूर्वी बिलियर्डचे चेंडू हस्तिदंताचे करत. त्याला स्वस्त पर्याय शोधता शोधता 1870 च्या सुमारास अमेरिकेत हयात नावाच्या माणसानं हा पदार्थ बाजारात आणला. मग फण्या, आरशांच्या मुठी, डब्या, सगळं त्यात निघालं.

आता मुद्द्याचं. नक्कल करणाऱ्यानं बहुतेक वेळा हस्तिदंताची फक्त बाजू उचललेली असते. लांबीच्या दिशेनं जाणाऱ्या बारीक रेघा सेल्युलॉइडमध्येही असतात, पण त्या वहीच्या पानासारख्या सरळ आणि सारख्या अंतरावर. खऱ्या दातात त्या किंचित लहरत जातात. बाजू बघून मात्र भलेभले फसतात. दात आडवा कापला की कापलेल्या तोंडावर दोन्हीकडून वळत येणाऱ्या रेघा एकमेकींना छेदतात आणि चौकटींची जाळी दिसते. यांना श्रेगर रेघा म्हणतात. ही जाळी कारखान्यात अजून कुणाला नीट जमलेली नाही. हत्तीच्या दातात बाहेरच्या कडेजवळ त्या साधारण 115 अंशांहून मोठ्या कोनात छेदतात, मॅमथच्या, म्हणजे नामशेष झालेल्या केसाळ हत्तीच्या, दातात 90 हून कमी. आपल्या ट्रंकांत मॅमथ कुठला यायला म्हणा.

तुमचं नशीब असं, की फाशाचं टोक म्हणजे बहुधा आडवा कापच असतो. गुजरीतल्या, म्हणजे सराफ बाजारातल्या, ओळखीच्या सोनाराकडून दहा पटीचं भिंग घटकाभर मागून आणा. दुपारी खिडकीपाशी बसा, टोक उन्हात तिरकं धरून हळूहळू फिरवा. समोरून सरळ उजेड पडला तर जाळी लपते. करंडा कातीव असेल तर त्याचा तळ बघा. तळाला कापड चिकटवलेलं असेल तर ओढून काढू नका, झाकणाची आतली बाजू बघा.

जाळी नाही, पण बारीक काळसर ठिपके आणि बाजूला तुटक रेघोट्या दिसल्या, तर ते हाड. जिवंतपणी त्यातून रक्तवाहिन्या जातात, त्या नळ्यांत पुढं मळ बसतो. दाताला त्या नळ्या नसतात. फाशांच्या बाबतीत माझी पहिली शंका हाडाचीच आहे, कारण तेवढ्या जाडीचा तुकडा हाडातून सहज निघतो. करंडा एकसंध आणि रुंद असेल तर हाडाची शक्यता कमी. ठिपके नाहीत, जाळी नाही, पण साच्याची शीव किंवा हवेचे बुडबुडे दिसताहेत, तर राळेचा, म्हणजे साच्यात ओतलेल्या रेझिनचा माल. नोटा तपासायच्या जांभळ्या बत्तीखाली दात निळसर पांढरा चमकतो, बरंच प्लॅस्टिक मंद दिसतं. पण हाडही तसंच चमकतं, म्हणून एकट्या बत्तीवर जाऊ नका. पिवळेपणावर तर मुळीच नको. चहाच्या पाण्यात बुडवून एका रात्रीत शंभर वर्षं चढवता येतात.

त्या माणसानं "खरा निघाला तर घेतो" म्हटलंय, तो व्यवहार मात्र करू नका. भारतीय हत्तीच्या दाताचा देशातला व्यापार 1986 च्या कायदादुरुस्तीनं बंद झाला, आफ्रिकी दाताचा 1991 च्या. वस्तू संस्थानी काळातली असली तरी विकणं गुन्हाच, शिक्षा 3 ते 7 वर्षं. घरात वारशानं ठेवायची म्हटली तरी मालकी प्रमाणपत्राचा प्रश्न येतो, आणि वारसा मिळाल्यापासून 90 दिवसांत मुख्य वन्यजीव रक्षकांकडे घोषणा करायची असते. म्हणून त्या ट्रंकेत आधी आजेसासूबाईंच्या नावाचा असा काही कागद आहे का ते शोधा. नसेल तर वकिलाला विचारून मग वनविभागात जा. वस्तू पिशवीत घालून गावभर दुकानदारांना दाखवत फिरू नका.

आणि फासे ओल्या फडक्यानं पुसलेत म्हणता, ते थांबवा. दात पाणी शोषतो, मग वाळताना लांबीत तडकतो.